शितावरून भाताची परीक्षा

आपल्या भंडारा जिल्ह्यांत ही म्हण कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. चुलीवर भात शिजत असतां आई पळीच्या टोंकावर एक शीत घेते, बोटांनीं चेपून पाहते आणि भांडें उतरविते. भांडें चार माणसांचें असो कीं लग्नाच्या पंगतीचें असो, सगळा भात ताटांत काढून तपाशीत बसण्याची तिला गरज पडत नाहीं. आपण घरांत इतकें सहज करितों तेंच शास्त्रानें करावयाचें म्हटलें, कीं मात्र पहिला प्रश्न उभा राहतो : शितें किती घ्यावीं? एक पुरे कीं दहा हवींत? आणि भांडें मोठें असलें तर शितेंहि अधिक घ्यावीं लागतात काय?

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न वरवर पुस्तकी वाटेल. परंतु तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं दोन-चार एकर धान आहे, त्यांच्या वडिलांस पिकाच्या विम्याचे पैसे मिळणार कीं नाहीं, हें ज्या हिशेबावरून ठरतें त्या हिशेबाच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे. म्हणून पालकांनींहि हा लेख मुलांचा धडा समजून बाजूस ठेवूं नये, अशी विनंति आहे.

एका शितावरून भात कळतो, याचें कारण भात एकजात असतो. तांदूळ एक, पाणी एक, आंच एक. मग एक शीत शिजलें तर बाकीचीं शिजलीं असें मानण्यास हरकत नसते. पण जुना व नवा तांदूळ मिसळून शिजत घातला, किंवा भांडें इतकें थोर कीं तळाशीं करपलें आणि वर कच्चें राहिलें, तर एका शितानें फसगत होईल. अशा वेळीं शहाणी गृहिणी काय करिते? तळचें, मधलें, वरचें अशीं चार ठिकाणचीं शितें घेऊन पाहते. म्हणजे शितांची संख्या भांड्याच्या आकारावर नव्हे, तर शिता-शितांतील फरकावर अवलंबून असते. सगळें शास्त्र या एका गोष्टींत सांठविलेलें आहे. पुढें फक्त हिशेब आहे.

हिशेबासाठीं एक लहानसें उदाहरण घेऊं. समजा, एका शेतकऱ्याच्या पांच सारख्या मापाच्या बांध्या आहेत आणि प्रत्येकींतून कापलेल्या ठराविक तुकड्यांत अनुक्रमें ४, ६, ८, १० व १२ किलो धान निघालें. खरी सरासरी ८ किलो. आतां एकच बांधी पाहून अंदाज बांधणारास ४ पासून १२ पर्यंत कोणतेंहि उत्तर मिळेल. दोन बांध्या पाहणारास दहा निरनिराळ्या जोड्या मिळतात. त्यांच्या सरासऱ्या ५ पासून ११ पर्यंत जातात. तीन पाहिल्या तर ६ ते १०, चार पाहिल्या तर ७ ते ९. विद्यार्थ्यांनीं या सर्व जोड्या व त्रिकुटें वहींत मांडून पाहावींत. पंधरा मिनिटांचें काम आहे, आणि तें केल्यावांचून पुढील सूत्र केवळ पाठ होईल, कळणार नाहीं.

बांध्या पांचांऐवजीं पांच हजार झाल्या कीं जोड्या मांडणें अशक्य होतें. तेथें संख्याशास्त्र आपल्या मदतीस येतें. सरासरीपासून एकेक शेत सामान्यतः किती दूर पडतें, याचें एक माप आहे. त्यास प्रमाण-विचलन म्हणतात. किती चूक आपणांस चालेल, हें आपलें आपण ठरवावयाचें. मग विचलनाची दुप्पट करावी, तिला चालणाऱ्या चुकीनें भागावें आणि भागाकाराचा वर्ग करावा. येईल ती संख्या म्हणजे हवे असलेले नमुने. इतके नमुने घेतले असतां शंभरांपैकीं सुमारें पंचाण्णव वेळां आपला अंदाज ठरविलेल्या चुकीच्या आंत राहतो.

समजा, पांच मीटर लांब व पांच मीटर रुंद अशा तुकड्यांत सरासरी ८ किलो धान निघतें आणि विचलन ३ किलोंचें आहे. अंदाजांत एका किलोची चूक चालणार असेल तर २ गुणिले ३ म्हणजे ६, भागिले १, आणि ६ चा वर्ग ३६. छत्तीस शेतें पुरे. पण अर्ध्याच किलोची चूक चालवून घ्यावयाची असें म्हटलें तर ६ भागिले अर्धा म्हणजे १२, व त्याचा वर्ग १४४. अचूकपणा दुप्पट मागितला तर श्रम चौपट झाले! पाहणी करणारांची पुष्कळशी निराशा या वर्गानें केली आहे. नमुने थोडेसे वाढविले म्हणजे उत्तर पुष्कळ सुधारेल, ही समजूत चुकीची आहे.

एखादी गोष्ट किती लोकांत आढळते, असा शेंकडेवारीचा प्रश्न असेल तेव्हां हिशेब आणखी सोपा होतो. शेंकडा पांचांची चूक चालवून घेतली तर, अगदीं प्रतिकूल परिस्थिति धरूनहि, ३८५ माणसें विचारावीं लागतात. येथें भांड्याच्या आकाराचा प्रश्न पुन्हा येतो. ६०० विद्यार्थ्यांच्या शाळेंत तितकाच अचूकपणा साधावयास २३५ मुलें विचारावीं लागतील. ६,००० वस्तीच्या गांवीं ३६२ माणसें. २०११ च्या खानेसुमारींत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. तेथें लागतात ३८५. आणि महाराष्ट्राची त्याच वर्षींची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. तेथेंहि ३८५ च! ‘लोकसंख्येच्या शेंकडा दहा तरी नमुना हवा’ असें पुष्कळ सुशिक्षित लोकहि सांगतात; तें ऐकलें तर लहान शाळेंत ६० च मुलें विचारलीं जाऊन उत्तर कच्चें राहील, आणि राज्यांत एक कोटीहून अधिक माणसें विचारून पैसा व्यर्थ जाईल.

मात्र हे सारे आंकडे एका अटीवर खरे आहेत : निवड चिठ्ठ्या टाकून झाली पाहिजे. प्रत्येक शेतास, प्रत्येक माणसास निवडलें जाण्याची संधि ठाऊक असलेली व न्याय्य असली पाहिजे. ही अट मोडली तर संख्या कितीहि फुगवा, उपयोग नाहीं. याचें अमेरिकेंतील उदाहरण प्रसिद्धच आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि लोकांस पत्रें पाठविलीं. तेवीस लाखांहून अधिक उत्तरें आलीं. त्यांवरून लँडन निवडून येणार असें साप्ताहिकानें जाहीर केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ संस्थानांत विजयी झाले. पत्रें पाठविण्यासाठीं जीं नांवें घेतलीं तीं बव्हंशीं टेलिफोनच्या व मोटारगाड्यांच्या यादींतलीं, म्हणजे त्या मंदीच्या दिवसांत खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचीं. आणि ज्यांस उत्तर पाठविण्याची हौस होती त्यांचींच उत्तरें आलीं. त्याच वेळीं गॅलप नांवाच्या गृहस्थांनीं सुमारें पन्नास हजार माणसांवरून रूझवेल्ट निवडून येतील असें बरोबर सांगितलें.

आपल्या पवित्र शास्त्रांतहि नमुन्याची एक गोष्ट आहे, आणि ती ‘गणना’ याच नांवाच्या पुस्तकांत असावी हा योगायोग गंमतीचा आहे. मोशेनें कनान देश पाहावयास बारा माणसें धाडिलीं. त्यांनीं अष्कोल खोऱ्यांतून द्राक्षांचा एक घड तोडून दोघांच्या खांद्यावरील दांड्यावर वाहून आणिला. देशाच्या सुपीकतेचा तो पुरावा खराच, पण कोणता घड तोडावा हें चिठ्ठी टाकून ठरविलें नव्हतें हेंहि खरें! प्रदर्शनांत मांडलेलें पीक आणि शेतांत उभें असलेलें पीक यांत हाच भेद असतो.

आतां आपल्या जिल्ह्याच्या धानाकडे वळूं. भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत होता तेव्हां, आणि पुढेंहि पुष्कळ वर्षें, पिकाचा अंदाज नजरेनें होत असे. त्यास आणेवारी म्हणत. दशमान नाणें आल्यावर तिची पैसेवारी झाली. गांवचा पटवारी बांधावर उभा राहून पीक इतके आणे म्हणून सांगे. त्या मनुष्यास दोष देण्याचें कारण नाहीं. पुष्कळांची नजर तयार असे. परंतु नजरेच्या अंदाजांत किती चूक आहे हें कोणासच सांगतां येत नाहीं, हा त्यांतला मोठा दोष. शेतकरी पीक कमी सांगतो, वसुलीची काळजी असलेला अधिकारी तें अधिक पाहतो, आणि वादाचा निकाल लागण्यास मोजमाप नसतें.

हें मोजमाप आपल्याच देशांत आणि भाताच्याच शेतांत प्रथम नीट सुरू झालें. हबॅक या मुलकी अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ या काळांत बिहार-ओरिसांत भातशेतांचे लहान लहान तुकडे कापून उत्पन्न काढण्याचे प्रयोग केले. त्यांचा वृत्तांत १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं कलकत्त्यास १९३१ सालीं भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापिली, व १९३७ पासून बंगाल्यांतील तागाची नमुना-पाहणी हातीं घेतली. त्यांनीं एकदम साऱ्या प्रांतावर झडप घातली नाहीं. आधीं लहानशी चांचणी पाहणी करावी, तींतून विचलन किती व खर्च किती हें जाणावें, आणि मग मोठ्या पाहणीचे नमुने ठरवावे, असा त्यांचा क्रम होता. आमच्या सूत्रांत विचलन अगोदर ठाऊक असावें लागतें, तें आणावयाचें कोठून, असा प्रश्न चतुर विद्यार्थ्याच्या मनांत आलाच असेल. त्याचें उत्तर हें.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्राचे एक सुपुत्र या कामांत उतरले. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. पुण्यास व लंडनास शिक्षण घेऊन ते १९४० पासून दिल्लीच्या कृषि-संशोधन परिषदेंत संख्याशास्त्राचें काम पाहूं लागले; १९५१ नंतर त्यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत अनेक वर्षें काढलीं. चिठ्ठीनें गांव निवडावें, गांवांत चिठ्ठीनें शेत निवडावें, शेतांत चिठ्ठीनें जागा ठरवून तुकडा आंखावा, आणि तेथील पीक कापून, मळून, वजन करावें, ही जी पीककापणी-प्रयोगाची पद्धत आज गांवोगांव दिसते, ती रूढ करण्यांत सुखात्मे यांचा वांटा फार मोठा आहे.

तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे व महालनोबीस यांचा मतभेद झाला, आणि तो आमच्या विषयाशीं फार जवळचा आहे. महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. लहान तुकडा लवकर कापून होतो, म्हणून तितक्याच पैशांत पुष्कळ नमुने घेतां येतात. सुखात्मे यांनीं दाखविलें कीं, तुकडा फार लहान असला तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसतें. कां? रेघेवर उभें असलेलें धानाचें बेट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न आला कीं कापणाराचा विळा तें आंतच ओढतो. एक मीटरच्या चौरसास दर चौरस मीटरामागें चार मीटर कड असते. पांच मीटरच्या चौरसास दर चौरस मीटरामागें केवळ ८० सेंटिमीटर. जितकी कड अधिक, तितकीं चुकून आंत आलेलीं बेटें अधिक. ही चूक एकाच दिशेची असल्यामुळें नमुने वाढवून ती कमी होत नाहीं. दहा हजार लहान तुकडे कापले तरी दहा हजार वेळां तेंच होईल, आणि उत्तर मात्र फार अचूक असल्याचा आव आणील.

आतां विम्याची गोष्ट. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमावलींत, एका पिकासाठीं जिल्हा हें एकक असल्यास निदान २४, तालुका असल्यास १६, महसूल मंडळ असल्यास १०, आणि मुख्य पिकाच्या बाबतींत एकेक गांव असल्यास ४ कापणी-प्रयोग करावे असें सांगितलें होतें. प्रयोगांवरून एककाचें सरासरी उत्पन्न काढतात. तें ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाहून कमी भरलें तर त्या एककांतील सर्व विमेदारांस सारख्याच प्रमाणांत भरपाई मिळते. भरलें नाहीं तर त्या सरासरीवरून कोणासहि मिळत नाहीं, मग एखाद्याच्या बांधींत तुडतुड्यानें काडी शिल्लक ठेवलेली नसली तरी!

आमच्या मघांच्या आंकड्यांनीं पाहूं. विचलन ३ किलो, आणि मंडळांत १० तुकडे. दहाचें वर्गमूळ ३.१६, ६ भागिले ३.१६ म्हणजे चूक सुमारें १.९ किलोंची. पांच मीटरच्या चौरसाचे हेक्टरांत ४०० तुकडे होतात, म्हणजे हेक्टरीं साडेसात क्विंटलांहून थोडी अधिक चूक, खालीं किंवा वर. खरें उत्पन्न ३२ क्विंटल असतां दहा शेतांच्या सरासरीनें २५ दाखविलें किंवा ३९ दाखविलें, तरी गणितास नवल वाटावयाचें नाहीं. मग एकक गांवापर्यंत खालीं आणलें तर न्याय होईल काय? एका गांवच्या बांध्या एकमेकींसारख्या असतात, म्हणून विचलन ३ ऐवजीं २ धरूं. चार तुकड्यांचें वर्गमूळ २. चूक पुन्हा २ किलो, हेक्टरीं ८ क्विंटल. आपल्या गांवाचें उत्तर मिळेल, पण तें पहिल्याहून पक्कें असेल असें नाहीं. मीं हे आंकडे समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्यक्ष विचलन वर्षागणिक बदलतें. परंतु दोष नेहमीं कापणाराचाच असतो असें जे आपण म्हणतों, त्यांतला पुष्कळसा भाग या वर्गमुळाचा असतो, एवढें लक्षांत यावें.

प्रयोग दहाचे शंभर कां करीत नाहींत, हें विचारणें साहजिक आहे. कापणी थोड्या आठवड्यांतच आटोपते, माणसें मोजकीं असतात, आणि थकलेल्या माणसानें घाईनें केलेलें शंभरावें वजन पहिल्या दहांसहि बिघडवितें. म्हणून आहेत तेच नमुने शहाणपणानें वांटावे लागतात. आपल्याकडे तलावाखालचें धान वेगळें आणि आभाळाच्या भरंवशावरचें वेगळें. रोवणीचें वेगळें, आवत्याचें वेगळें. हलकें धान दसऱ्याच्या सुमारास कापणीस येतें तर भारी धान दिवाळीनंतरहि उभें असतें. गृहिणीनें तळचें व वरचें शीत वेगळें पाहावें, तसे या जातींचे वेगळे गट करून प्रत्येकांतून चिठ्ठ्या काढल्या, तर तितक्याच नमुन्यांत चूक कमी होते. 

तसेंच एकाच गांवीं पुष्कळ शेतें कापणें सोयीचें, पण लाभाचें नाहीं. एका तलावाच्या पाण्यावर वाढलेल्या दहा बांध्या बहुतेक एकच साक्ष दहा वेळां देतात. चार गांवांतून प्रत्येकीं दहा अशीं ४० शेतें कापलीं, आणि गांवांतल्या गांवांत सारखेपणाचा अंक ०.३ धरला, तर ४० भागिले ३.७ म्हणजे तीं चाळीस शेतें निरनिराळ्या ठिकाणच्या सुमारें ११ शेतांइतकींच बोलकीं ठरतात. (३.७ कसे आले? एकांत नऊ गुणिले ०.३ मिळवा. नऊ म्हणजे त्याच गांवचीं उरलेलीं शेतें.) याच कारणानें प्रचलित पद्धतींत एका गांवीं बहुधा दोनच प्रयोग ठेवतात.

आणि शेवटचा धोका आपल्याच हातीं असतो. चिठ्ठीनें निघालेलें शेत दूर आहे, वाटेंत चिखल आहे, किंवा मालकानें वाट न पाहतां धान कापून टाकलें. मग रस्त्याच्या कडेचें हाताशीं असलेलें शेत घेतात. रस्त्याकडेचीं शेतें बहुधा पाण्याजवळचीं व पैशाची सोय असलेल्यांचीं असतात, आणि दहांपैकीं दोन चिठ्ठ्या जरी अशा बदलल्या तरी मंडळाची सरासरी वर सरकते. आपल्या शेताची चिठ्ठी निघाली असें कळल्यावर कापणी चार दिवस थांबविणें त्रासाचें खरें. पण तो एक तुकडा शेंकडों घरांच्या वतीनें बोलत असतो. प्रयोगाच्या वेळीं गांवकऱ्यांनीं हजर राहावें, दोरी ताणलेली आहे कीं नाहीं, कडेचीं बेटें कोणीकडे जातात व वजन काय लिहिलें, हें पाहावें. 

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पुढील उदाहरण सोडवावें. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या सात तालुक्यांत किती घरीं पिण्याचें पाणी नळानें येतें, हें शेंकडा पांचांच्या चुकीपर्यंत जाणावयाचें आहे. जिल्ह्यासाठीं एकच उत्तर हवें असेल तर घरें किती? आणि प्रत्येक तालुक्याचें उत्तर वेगळें हवें असेल तर किती? पहिल्याचें उत्तर ३८५ व दुसऱ्याचें २,६९५. पांचांतील एक घर बंद सांपडेल असें धरलें तर पहिल्यासाठीं यादींत ४८२ घरें घ्यावीं लागतील. मात्र बंद घरें बहुतेक रोजगारासाठीं बाहेरगांवीं गेलेल्यांचीं असतील, तर तीं सोडून केलेल्या शेंकडेवारींत काय बिघाड होईल, याचें उत्तर सूत्रानें निघत नाहीं. तें वर्गांत चर्चेस घ्यावें.